तोंडाच्या कॅन्सरचा उपचार एका डॉक्टरचा नसतो. फाईल, माणूस आणि तारीख सांभाळा

धाराशिव : गालातल्या जखमेचा तुकडा तपासून येतो, रिपोर्टवर ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ लिहिलेलं असतं आणि घरात पहिला प्रश्न निघतो, चांगला डॉक्टर कुठं आहे? कोणी बार्शी म्हणतं, कोणी सोलापूर, कोणी थेट मुंबईच्या टाटाचं नाव घेतं. प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. तोंडाचा कॅन्सर एका डॉक्टरच्या हातानं बरा होत नाही. एक सर्जन गाठ काढतो, दुसरा ती जागा मांडीच्या नाहीतर हाताच्या कातडीनं भरतो. ज्याला लोक ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात ते रेडिएशन तिसरा डॉक्टर देतो, केमोचा डॉक्टर चौथा. शिवाय दाताचे डॉक्टर, भूल देणारे, आहारतज्ज्ञ, गिळायला-बोलायला शिकवणारे थेरपिस्ट, व्यायाम करून घेणारे फिजिओ, ड्रेसिंगच्या सिस्टर, कागदपत्रांचे आरोग्यमित्र आणि समाजसेवक.

यातल्या प्रत्येकाला रुग्ण थोडा थोडा दिसतो. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत सगळीकडे हजर असतात ते दोघंच, रुग्ण आणि त्याच्यासोबतचा घरचा माणूस. म्हणून उपचारात घरच्यांचं काम डबा पोचवण्यापुरतं नसतं. एका खोलीतली गोष्ट दुसऱ्या खोलीत नेण्याचं काम त्यांचंच असतं. ते नीट झालं नाही तर चांगल्या दवाखान्यातही उपचार मध्येच अडकतो.

एकच माणूस, एकच फाईल

आपल्याकडं काय होतं, पहिल्या खेपेला मुलगा जातो, दुसऱ्या खेपेला जावई, तिसऱ्या खेपेला चुलत भाऊ, कारण ज्याला सवड असेल तो जातो. डॉक्टरांनी मागच्या वेळी काय सांगितलं ते नव्या माणसाला माहीत नसतं. तो पुन्हा तेच विचारतो, डॉक्टर पुन्हा तेच सांगतात आणि विचारायचं होतं ते राहून जातं. घरातला एक माणूस ठरवावा आणि शक्यतो प्रत्येक खेपेला तोच जावा. दहावी-बारावी झालेली सून किंवा मुलगी असेल तर ती हे काम पुष्कळदा जास्त चांगलं करते. गावाकडं तिला पाठवायला मागं-पुढं पाहतात, तो भाग वेगळा.

फाईलही एकच हवी. कागद तारखेप्रमाणे लावलेले, सगळ्यात जुना खाली. प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवावा. पावसात पिशवी भिजली, एसटीत फाईल राहिली, असं होतंच. सोबत एक साधी वही ठेवावी. त्यात डाव्या पानावर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, उजव्या पानावर त्यांनी दिलेली उत्तरं. ओपीडीत डॉक्टरांना वेळ कमी असतो, आठवून विचारायला गेलं की निम्मं विसरतं.

दवाखाना बदलायचा असेल तर फक्त रिपोर्टची झेरॉक्स नेऊन भागत नाही. तुकडा तपासलेल्या लॅबमधून काचेच्या स्लाईड आणि मेणाचा ठोकळा, ज्याला ‘ब्लॉक’ म्हणतात, तो मागून घ्यायचा. मोठ्या रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट ते स्वतः पुन्हा पाहतात. ब्लॉक नसेल तर पुन्हा तुकडा काढण्याची वेळ येऊ शकते. स्कॅनचीही फिल्म किंवा सीडी न्यावी, नुसता लेखी रिपोर्ट नको.

आणि तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरतो ही समजूत गावागावात घट्ट आहे, ती खोटी आहे. तुकडा तपासल्याशिवाय कोणतीही टीम उपचार ठरवत नाही. या भीतीनं जे दोन-तीन महिने जातात, गाठ पसरते ती त्यात.

सगळे डॉक्टर एकत्र बसतात ती बैठक

मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत सर्जन, रेडिएशनचे आणि केमोचे डॉक्टर एकत्र बसून रुग्णाचा उपचार ठरवतात. कुठं त्याला जॉइंट क्लिनिक म्हणतात, कुठं ट्युमर बोर्ड. ती बैठक आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी असते. म्हणून पहिल्याच खेपेला ऑपरेशनची तारीख मिळाली नाही तर ‘नुसतं फिरवतायत’ असं समजून निघून येऊ नये. आपली केस बैठकीत कधी जाणार आणि त्याआधी कोणता रिपोर्ट यायचा बाकी आहे, हे दोन प्रश्न विचारावेत.

बैठक झाली की विचारायचं ते सरळ विचारावं. आजार कोणत्या टप्प्यावर आहे? हा उपचार पूर्ण बरं करण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी? आधी काय, नंतर काय, एकूण किती महिने? जबडा काढावा लागणार का, जेवण कसं होणार, बोलता येणार का? शेतकऱ्यानं आणखी एक विचारावं, कामाला हात कधी लागणार? डॉक्टरांना असं विचारणं उद्धटपणा नाही. उलट घरच्यांना पुढचं दिसलं की पैशाची आणि माणसाची सोय आधी करता येते.

एक प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. गाठ गालात आहे, मानेला काही हाताला लागत नाही, मग मान कशाला कापायची? याचं उत्तर आपल्याच राज्यात सापडलं आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटात तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच मानेतल्या गाठी काढल्या, दुसऱ्या गटात मानेला गाठ दिसेपर्यंत थांबले. 2015 साली निकाल प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनी पहिल्या गटात 100 पैकी 80 जण हयात होते, थांबलेल्या गटात 67 ते 68. मानेची चीर त्यासाठी असते.

लपवलेली गोष्ट टीमला अडवते

डॉक्टर विचारतात, तंबाखू खाता का? उत्तर येतं, सोडली. कधी सोडली? काल. हा विनोद ओपीडीत रोज घडतो, पण त्याचे परिणाम विनोदी नाहीत. तंबाखू चालू असेल तर ऑपरेशनची जखम भरायला वेळ लागतो आणि रेडिएशनचा गुण कमी येतो. डॉक्टरांना खरं कळलं तर ते सोडवण्यासाठी गोळी, च्युइंगम, समुपदेशन देतात. खोटं सांगितलं तर तेही मिळत नाही. 1800 11 2356 या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी मदत मिळते. हा नंबर तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो, फक्त कोणी वाचत नाही.

बायकांच्या बाबतीत वेगळीच अडचण. सिस्टर विचारतात आणि नवरा उत्तर देतो, ‘आमच्यात बायका तंबाखू खात नाहीत.’ दात घासायची मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे त्याच्या गावी नसतं. नुसती सुपारीही कॅन्सरला कारण ठरते, त्यात तंबाखू असायलाच पाहिजे असं नाही. गुटखा राज्यात 2012 पासून बंद आहे, मावा टपरीवर मिळतो. काय खात होतो, किती वर्षं, ते बाईनं स्वतः सांगावं आणि घरच्यांनी तिला सांगू द्यावं.

दुसरी लपवली जाणारी गोष्ट म्हणजे गावठी औषध. कोणी पुड्या देतो, कोणी काढा, कोणी भस्म. ते घेतलं म्हणून डॉक्टर ओरडतील या भीतीनं सांगत नाहीत. केमोमध्ये बऱ्याचदा सिस्प्लॅटिन नावाचं औषध देतात. त्याचा ताण मूत्रपिंडावर येतो, म्हणूनच केमोआधी रक्त तपासून क्रिएटिनिन बघतात. त्याच दिवसांत अनोळखी भस्म पोटात गेलं, किंवा कंबर दुखते म्हणून गावात डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन घेतलं, तर मूत्रपिंडावर दुहेरी मार बसतो. साधं दुखणं असलं तरी गावातल्या डॉक्टरला आधी सांगायचं, ‘माझं केमो चालू आहे’ आणि फाईल दाखवायची. शुगर, बीपी, दम्याच्या गोळ्या, आधीचं एखादं ऑपरेशन, दारू, सगळं टीमला माहीत पाहिजे. रोज दारू घेणारा माणूस ऑपरेशनसाठी अचानक बंद करतो तेव्हा दोन-तीन दिवसांत त्याला कंप सुटतो, भ्रम होतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी कळलं तर ते त्याची तयारी ठेवतात.

तिसरी गोष्ट पैशाची. परवडत नाही हे सांगायची लाज वाटते म्हणून लोक पुढच्या तारखेला जातच नाहीत. डॉक्टरांना वाटतं रुग्ण दुसरीकडं गेला. त्यापेक्षा समाजसेवकाच्या टेबलावर जाऊन स्पष्ट सांगावं. त्यांचं कामच ते आहे.

‘त्यांना सांगू नका’

घरचे डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणतात, आमच्या आबांना सांगू नका, ते खचतील. यामागं माया असते. पण आबांना ‘अल्सर आहे’ असं सांगितलेलं असतं आणि तिसऱ्या आठवड्यात रेडिएशननं तोंड सोलून निघालं की आबा म्हणतात, अल्सरसाठी एवढं कशाला? चला घरी. त्यांना परत आणणं मग कोणाच्यानं होत नाही. ज्याच्या अंगावर उपचार चाललाय त्याला तो कशासाठी चाललाय हे ठाऊक नसेल तर त्यानं सोसायचं तरी कशाच्या जोरावर? सांगायचं कसं, किती आणि कधी, यासाठी टीममधले समुपदेशक मदत करतात. घरच्यांनी त्यांना सोबत घ्यावं. बहुतेक वेळा आबांना आधीच अंदाज आलेला असतो.

ऑपरेशनच्या आधी ठरवायच्या खुणा

मोठं ऑपरेशन असेल तर काही दिवस गळ्याला श्वासाची नळी आणि नाकातून जेवणाची नळी असते. श्वासाची नळी असेपर्यंत आवाज निघत नाही. लिहिता येणाऱ्यासाठी पाटी-पेन्सिल न्यावी. लिहिता येत नसेल तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच खुणा ठरवाव्यात, दुखतंय म्हणजे ही खूण, लघवी म्हणजे ही, धाप लागली म्हणजे ही. त्या खुणा वॉर्डातल्या सिस्टरलाही दाखवाव्यात. वॉर्डात रुग्णाच्या जवळ सगळ्यात जास्त वेळ सिस्टर असतात. लावलेल्या कातडीचा रंग बदलला, सूज वाढली, तर ते आधी त्यांच्याच लक्षात येतं. त्यांच्याशी वाकड्यात जाऊ नये.

जेवणाची नळी पाहून नातेवाईक रडायला लागतात, आता संपलंच असं त्यांना वाटतं. ही नळी बहुतेकांची तात्पुरती असते, जखम भरेपर्यंत अन्न तिच्यावरून जाऊ नये म्हणून. नळीतून काय द्यायचं ते आहारतज्ज्ञ लिहून देतात. दूध, ताक, डाळीचं पाणी, नाचणीची पेज, चालत असेल तर अंडं, सगळं मिक्सरमधून काढून गाळून. देताना रुग्णाला बसतं करायचं, आधी आणि नंतर पाणी सोडायचं. हे दवाखान्यात सिस्टरसमोर दोन-तीनदा स्वतःच्या हातानं करून मगच घरी यावं.

मानेच्या ऑपरेशननंतर खांदा जड पडतो, हात वर जात नाही. फिजिओ भिंतीवर बोटं चढवत न्यायला सांगतात. पोरखेळ वाटतो, पण जो करत नाही त्याला पुढं डोक्यावर पेंढी घेणं जमत नाही. तोंड उघडण्याचा व्यायामही तसाच. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि दर काही दिवसांनी एक वाढवायची. व्यायाम कधी सुरू करायचा ते टीम सांगते.

सहा आठवड्यांचं गणित

सगळ्यात जास्त गडबड होते ती इथं. ऑपरेशननंतर ज्यांना रेडिएशन लागतं त्यांचं ते साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं, असं डॉक्टर पाहतात. सहा आठवडे ऐकायला पुष्कळ वाटतात. मोजून बघा. काढलेल्या गाठीचा रिपोर्ट यायला आठवडा-दोन आठवडे. किडलेले दात राहिले असतील तर ते रेडिएशनआधीच काढायचे आणि ती जखम भरायला दहा-पंधरा दिवस द्यायचे. मग चेहऱ्याचा प्लास्टिकचा मास्क करणं, स्कॅन, मशीनवरची आखणी. योजनेतून उपचार असेल तर ऑपरेशनची मंजुरी वेगळी आणि रेडिएशनची वेगळी. टाके काढून माणूस गावी आला, दोन आठवडे आराम केला, पोळा झाला आणि मग फाईल उघडली, तर सहा आठवडे गेलेच.

म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच विचारायचं, रिपोर्ट कधी मिळणार, दाताच्या डॉक्टरांना कधी दाखवायचं, रेडिएशन विभागात नंबर कधी लावायचा? आरोग्यमित्राला त्याच दिवशी भेटून पुढच्या मंजुरीला कोणते कागद लागतील ते लिहून घ्यायचं.

रेडिएशन साधारणपणे आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे चालतं. एकेक बैठक काही मिनिटांची. पहिले दोन आठवडे माणूस म्हणतो, काहीच झालं नाही. तिसऱ्यापासून तोंड सोलतं, चव जाते, लाळ चिकट होते, गिळताना डोळ्यांत पाणी येतं. आणि बरेच लोक याच वेळी गावी निघून येतात, त्यातही सोयाबीन काढणीला आलं असेल तर जास्तच. मध्ये खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढायला लागतात आणि गेलेले दिवस नुसते पुढं जोडून भरून निघत नाहीत. शेतातलं काम सावडीनं करून घेता येतं, भाऊबंदांना हात जोडता येतात. रेडिएशन दुसऱ्यानं घेता येत नाही.

त्रास होतो तेव्हा तो सहन करत बसण्यापेक्षा रेडिएशनच्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायचा. दुखणं कमी करायची औषधं, तोंड बधिर करणारं औषध, मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, बुरशीवर गोळ्या, असे बरेच उपाय त्यांच्याकडं असतात. वजन दर आठवड्याला बघावं. फार उतरलं तर मास्क सैल होतो आणि नेम चुकू नये म्हणून तो नव्यानं करावा लागू शकतो. भाकरी गिळत नसेल तर दुधात कुस्करून, कण्या, आंबील, ताकातली भरडी, तूप घालून वरण-भात. तिखट पूर्ण बंद. तरीही भागत नसेल तर पुन्हा नळी घालायला नकार देऊ नये.

सोबत केमो असेल तर एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी. थंडी वाजून ताप आला किंवा थर्मामीटरवर 100.4 च्या वर गेला तर सकाळची वाट पाहायची नाही. वॉर्डाचा नंबर आधीच घेऊन ठेवावा, फोन करावा, त्या वेळी पांढऱ्या पेशी कमी असू शकतात. गावात क्रोसिन घेऊन झोपणं इथं महागात पडतं.

पैसा आणि प्रवास

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र चालतात. वर्षाला कुटुंबामागं 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण त्यात आहे. ऑपरेशन, रेडिएशन, केमो तिन्ही त्यात येतं, पण रुग्णालय योजनेत असलं पाहिजे आणि मंजुरी आधी घ्यावी लागते. आधी रोख भरून मागून योजनेत बसवता येईल, या भरवशावर राहू नये. रेशन कार्ड, आधार यांवरची नावं जुळतात का ते पहिल्या आठवड्यातच तपासावं. नावातल्या एका अक्षरावरून माणसं तहसीलच्या चकरा मारत बसतात. माहितीसाठी 155388 किंवा 1800 233 2200 हे मोफत नंबर आहेत.

बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय, अशी केंद्रं राज्यात आहेत, प्रत्येकानं मुंबई गाठलीच पाहिजे असं नाही. कठीण केसमध्ये उपचाराची आखणी मोठ्या केंद्रात करून रेडिएशन जवळ घेता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं. सहा आठवडे रोज जायचं असेल तर जवळचं केंद्र हाच मोठा उपचार ठरतो. मुंबईला जाणं भागच असेल तर दादरला गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत कॅन्सर रुग्ण आणि नातेवाईक राहतात. उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात स्लीपर आणि थ्री-टियर एसीला रुग्णाचं तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्या माणसाला 75 टक्के सवलत आहे. त्याचा फॉर्म रुग्णालयातच भरून मिळतो.

उपचार संपल्यावर

शेवटचं रेडिएशन झालं की लोक फाईल ट्रंकेत टाकतात. आजार परत येण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त असतो. म्हणून या काळात दोन-तीन महिन्यांनी बोलावतात. बरं वाटतंय म्हणून तारीख चुकवायची नाही. मधेच नवी गाठ, न भरणारी जखम, आवाजात बदल दिसला तर तारखेची वाट न पाहता जायचं.

काहींच्या बाबतीत टीम सांगते की आता पूर्ण बरं होणं शक्य नाही. तेव्हाही टीम सुटत नाही. पॅलिएटिव्ह विभाग वेदना, जखमेचा वास, झोप, खाणं यासाठी असतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीनं मॉर्फिनच्या गोळ्या मिळतात. सांगितल्याप्रमाणे घेतल्या तर त्यांची नशा लागते ही भीती बाळगण्याचं कारण नाही. या विभागाची चिठ्ठी आधीच घेतली तरी चालते, तिथं जाणं म्हणजे बाकीचा उपचार बंद असा अर्थ होत नाही.

आणि दात. रेडिएशन घेतलेल्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. पाच-दहा वर्षांनी दाढ दुखली आणि बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाऊन ती उपटून घेतली, तर खालचं हाड भरत नाही, सडायला लागतं. दाढ काढायच्या आधी त्या डॉक्टरला रेडिएशन झाल्याचं सांगून फाईल दाखवायची आणि त्यांना रेडिएशनच्या डॉक्टरांशी बोलून घ्यायला सांगायचं, कितीही वर्षं झाली असली तरी.